तंबोऱ्याची जवारी की लॅपटॉपची तडतड? घरच्या रेकॉर्डिंगमधला प्रोसेसर ओव्हरलोड

दोन वर्षांपूर्वी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या मागच्या खोलीत एका अभंगाचं रेकॉर्डिंग चाललं होतं. हेडफोनमध्ये षड्जाच्या आडून मधूनच बारीक आवाज यायचा, चट, चट. तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आम्ही त्याच्याच डोक्यावर खापर फोडत होतो. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, नीट लागली नसेल म्हणून अर्धा तास घोडीवरचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत बसलो. दोरा हलवला की दोन मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा चट. शेवटी पखवाजवाले काका उठले आणि त्यांनी तारांवर सरळ तळहात ठेवला. तंबोरा गप्प झाला. चटचट चालूच.

"पोरी, आता तुझ्या डबड्याची जवारी लाव," एवढं बोलून काका चहाला बाहेर गेले.

त्यांचा चहा संपायच्या आत दुरुस्ती झाली होती. सॉफ्टवेअरमधला एक आकडा बदलला, बस. त्याच्या आदल्याच आठवड्यात ह्याच तक्रारीवर एका दुकानदाराने मला नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं होतं, हप्त्यांचा हिशेबही मांडून दिला होता. म्हणून नव्याने घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की पाकीट इतक्यात काढू नका. बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये ताकद असते, तो वेळेवर पोचत नसतो. उशीर कुठे होतोय ते एकेक करून शोधता येतं.

ओव्हरलोड म्हणजे होतं काय

पंगत आठवा. पानावरचा भात संपायच्या आत वाढप्याने पुन्हा यायला हवं. तो आला तर जेवणाराला काही कळतच नाही. एक क्षण उशीर झाला की पान रिकामं, आणि जेवणारा मान वर करून बघतो.

आवाजाचं असंच आहे. ४८,००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर काम करताना दर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने लागतात. प्रोसेसर ते एकेक करून देत नाही, मूठमूठ वाढतो. ह्या मुठीला बफर म्हणतात. बफर २५६ ठेवला तर एक मूठ ५.३ मिलिसेकंद पुरते. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक (प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी), सगळे रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारे), सॅम्पलवाली वाद्यं (खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारी), सगळ्यांचं गणित उरकून पुढची मूठ तयार हवी. नसली तर पान रिकामं पडतं. तेच ते चट.

ह्यावरून एक कोडं सुटतं. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ३० टक्के दाखवतो आणि इकडे आवाज तुटत असतो. टास्क मॅनेजर सरासरी सांगतो, म्हणजे दिवसभरात वाढपी एकूण किती चालले ह्याचा हिशेब. कुठलं पान कधी रिकामं राहिलं हे त्यात येत नाही. शिवाय एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन, म्हणजे रिव्हर्बसारखी जोड-सॉफ्टवेअरं, एकापाठोपाठ एकच चालतात. भात पडल्याशिवाय वरण नाही, वरणाशिवाय तूप नाही. प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे आठ वाढपी, असले तरी त्या एका ट्रॅकची साखळी एका वेळी एकाच कोअरवर चालते. बाकीचे सात कोअर हातात पळी घेऊन उभे.

पायरी १: आधी तडतड ओळखा

ही पायरी सगळे टाळतात आणि मग दोन दिवस भलत्याच जागी खोदत बसतात.

गाण्याचा एकच तुकडा तीनदा वाजवा. आवाज दर वेळी त्याच शब्दावर, त्याच मात्रेवर फाटत असेल तर प्रोसेसरचा संबंध जवळजवळ नाहीच. एकतर रेकॉर्ड करताना माइकचा गेन (आवाज आत घेण्याची पातळी) जास्त होता आणि आवाज लाल दिव्यात गेला, नाहीतर दोष त्या फाइलमध्येच बसला आहे. दर वेळी वेगळ्या जागी तुटत असेल तर मात्र आपला चोर हाच.

दुसरी परीक्षा: गाणं एक्स्पोर्ट करून, म्हणजे त्याची एक तयार फाइल काढून, साध्या प्लेअरमध्ये ऐका. एक्स्पोर्ट करताना प्रोसेसरला घाई नसते, एका मुठीला लागेल तेवढा वेळ तो घेतो. त्यामुळे वाजवताना कितीही तडतडलं तरी एक्स्पोर्ट झालेली फाइल बहुधा स्वच्छ निघते. मुदत डोक्यावर असेल तर ह्याच भरवशावर फाइल पाठवून द्या आणि दुरुस्ती उद्या करा. मी केलेलं आहे.

मात्र रेकॉर्डिंग चालू असतानाच आवाज तुटला असेल तर तो तुकडा कायमचा गेला. ट्रॅक मोठा करून बघा. लाटेची वळणदार रेघ मधेच कात्रीने कापल्यासारखी सरळ उभी तुटलेली दिसते. तिथे कुठलाही प्लगइन जादू करत नाही, ती ओळ पुन्हा गाऊन घ्यावी लागते. गायक खोलीत असतानाच हे तपासा. ते एसटीत बसल्यावर नको.

आता मीटर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला प्रोसेसरचा भार दाखवणारा आकडा. रीपरमध्ये व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे, क्यूबेसमध्ये ऑडिओ परफॉर्मन्स, एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओत वरच्या पट्टीतच आकडा दिसतो. लॉजिकमध्ये तर सिस्टिम ओव्हरलोडचा निरोप समोर येऊन गाणंच थांबतं. रीपरच्या मीटरचा मोठा फायदा असा की प्रत्येक ट्रॅक किती खातो हे तो वेगळं दाखवतो. काही सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचा दिवा वेगळा असतो. तो लाल होत असेल तर प्रोसेसरच्या मागे लागू नका, हार्ड डिस्क मागे पडते आहे.

पायरी २: बफर

मी त्या दिवशी बदललेला आकडा हाच. ६४ वर ठेवला होता, कारण कुठल्यातरी व्हिडिओत तसं बघितलं होतं. ४८,००० हर्ट्झला ६४ म्हणजे १.३ मिलिसेकंद. चौदा ट्रॅक वाजत असताना माझ्या जुन्या लॅपटॉपला ते कसं झेपावं? तो २५६ वर नेला आणि चटचट गेली.

हिशेब सोपा आहे. १२८ ला २.७ मिलिसेकंद, ५१२ ला १०.७, १०२४ ला २१.३. आकडा वाढवला की प्रोसेसरला उसंत मिळते, पण आवाज तेवढा उशिरा कानावर येतो. माइकमधून आत जाताना एक बफर आणि हेडफोनकडे बाहेर येताना एक, शिवाय इंटरफेस (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि ड्रायव्हर (तो डबा चालवणारं सॉफ्टवेअर) ह्यांचा स्वतःचा थोडा वेळ. म्हणजे २५६ ला एकूण ११ मिलिसेकंदांच्या वरच धरा.

हे जास्त आहे का? हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. कीर्तनात बुवांपासून चार मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याच्या कानावर बुवांचा आवाज बारा मिलिसेकंदांनी उशिराच पडतो, आणि टाळ चुकत नाही. तेव्हा कीबोर्ड किंवा पॅड वाजवणाऱ्याचं २५६ वर बहुधा निभतं. गायकाचं तसं नाही. त्याचा आवाज त्याला हाडांतून तत्काळ ऐकू येतो आणि हेडफोनमधून मागाहून, दोन्ही एकमेकांत मिसळले की पोकळ, डब्यात गायल्यासारखं वाटतं. ह्यावर बफर कमी करत बसण्यापेक्षा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर वापरा. कुठे बटण असतं, कुठे गोल नॉब. त्यातून माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर ५१२ ठेवला तरी गायकाला फरक पडत नाही. फक्त सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येतो आणि गायक तुमच्याकडे संशयाने बघू लागतो.

मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड झालेले ट्रॅक एकत्र जुळवायला, बसलात की सरळ १०२४. तेव्हा कोणी लाइव्ह वाजवत नसतं, उशीर झाला तरी कुणाला कळत नाही. रेकॉर्डिंगला लहान, मिक्सिंगला मोठा, एवढं पाठ झालं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

पायरी ३: ड्रायव्हर आणि वायर

विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा आसिओ (ASIO, कमी उशिराने आवाज नेणारा) ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. आसिओ-फोर-ऑल (ASIO4ALL) हा कुठल्याही साउंड कार्डाला चालणारा ड्रायव्हर अडीअडचणीला ठीक, स्वतःचा ड्रायव्हर मिळत असताना नको. मॅकवर ही भानगड नाही. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. ज्या हबवर माउस, पेन ड्राइव्ह आणि छोटा पंखा टांगलेला आहे त्या हबला नको. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर इतका असतो की त्यावर रेकॉर्डिंग करायचा विचारच सोडा.

पायरी ४: लाईट, गादी आणि मे महिना

आपल्याकडे हे वेगळं सांगायलाच हवं. दुपारी टेक (एका दमात चाललेलं रेकॉर्डिंग) रंगात आलेला असतो आणि लाईट जाते. लॅपटॉप बंद पडत नाही, बॅटरी आहे. सगळे निवांत. पण चार्जरवरून बॅटरीवर आल्याक्षणी बहुतेक लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये वेगाचा आकडा असतो. माझ्या लॅपटॉपवर तो २.८ गिगाहर्ट्झवरून १.२ वर येताना मी डोळ्यांनी बघितला आहे. गाणं तेच, ट्रॅक तेवढेच, आणि वाढप्याच्या पायात बेडी.

विंडोज ११ मध्ये सेटिंग, सिस्टिम, पॉवर ह्या वाटेने जाऊन पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा. जुन्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स. तिथल्याच प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून टाका. तो चालू असला तर वीज वाचवायला पोर्टला झोप लावू शकतो. बॅटरी सेव्हर तर बंदच. आणि लाईट जाणार असं आधी कळलं असेल तर बफर एक पायरी वर नेऊन ठेवा.

उष्णतेची गंमत अशी की ती लगेच दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. त्यात माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून आपण पंखा बंद करतो, खिडक्या लावतो, भिंतीला गोधड्या टांगतो. लॅपटॉप तर अनेकदा गादीवरच असतो, म्हणजे खालून हवा घ्यायची भोकं बुजलेली. बऱ्याच लॅपटॉपचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोचले की स्वतःला वाचवायला आपोआप वेग उतरवतात. मग पहिली वीस मिनिटं सगळं छान आणि त्यानंतर तडतड. वेळेचं हे असं गणित दिसलं की प्लगइनला दोष देऊ नका, लॅपटॉपच्या पोटाला हात लावून बघा.

उपाय घरगुती आहे. लॅपटॉप पाटावर ठेवा आणि मागच्या बाजूला दोन जुन्या कॅसेटची कव्हरं लावून उचलून धरा. माझ्याकडे अजून तीच आहेत. दोन टेकच्या मध्ये पाच मिनिटं पंखा चालू करा, माणसांनाही बरं वाटतं. वर्षातून एकदा आतल्या पंख्याची धूळ काढून घ्या. आमच्या लॅपटॉपमधून निघालेली धूळ बघून आई म्हणाली होती, "ह्याची उशी झाली असती गं." चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप असेल तर धूळ काढताना प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदलून घ्या. शक्य असेल तर उन्हाळ्यातलं रेकॉर्डिंग सकाळी सातला. गळाही तेव्हा बरा लागतो.

पायरी ५: प्लगइनची गर्दी

नवशिक्याच्या प्रोजेक्टमध्ये मला हमखास दिसणारी चूक: आठ ट्रॅक आणि आठही ट्रॅकवर एकेक रिव्हर्ब. रिव्हर्ब हा प्लगइनमधला खादाड प्रकार, त्यातही कन्व्होल्यूशन रिव्हर्ब, म्हणजे खऱ्या जागेचा घुमारा उचलून वापरणारा. आठ वेगवेगळ्या देवळांत बसून गायल्यासारखं ऐकूही विचित्र येतं. त्याऐवजी एक वेगळा ट्रॅक (काही सॉफ्टवेअरमध्ये त्याला बस म्हणतात) काढा, त्यावर एकच रिव्हर्ब लावा आणि प्रत्येक ट्रॅकवरून हवा तेवढा सेंड द्या, म्हणजे त्या आवाजाचा थोडा वाटा तिकडे पाठवा. गाण्याला जास्त, टाळाला थोडा, पखवाजाला जेमतेम. प्रोसेसरचं काम आठातलं एक उरतं आणि सगळे एकाच गाभाऱ्यात बसल्यासारखे वाटतात.

मग मास्टर ट्रॅककडे, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, बघा. लिनिअर फेज इक्यू, ओव्हरसॅम्पलिंग चालू असलेला लिमिटर असल्या गोष्टी रेकॉर्डिंग चालू असताना तिथे नकोत. त्या प्रोसेसर खातातच, वर पुढचं बघून काम करत असल्याने सगळ्या गाण्यालाच उशीर करतात. बफर १२८ असूनही कीबोर्ड मागून ऐकू येतो अशी तक्रार असेल तर पहिला संशय मास्टरवर. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ते प्लगइन नुसते बायपास (जागेवरच बंद) करू नका, पूर्ण काढून ठेवा, कारण बायपास केलेले काही प्लगइन उशीर तसाच धरून ठेवतात.

तरीही भागत नसेल तर फ्रीज. मला विचाराल तर घरच्या स्टुडिओतलं हे सगळ्यात कामाचं बटण. सॉफ्टवेअर तो ट्रॅक प्लगइनसकट एकदाच वाजवून त्याची साधी ऑडिओ फाइल करून ठेवतं आणि प्लगइनना सुट्टी देतं. मघाच्या पंगतीत सांगायचं तर जिलबी सकाळीच तळून परातीत ठेवली, आता फक्त वाढायची. रीपर, क्यूबेस, एबलटन, लॉजिक सगळ्यांत ही सोय आहे आणि बदल करावासा वाटला तर अनफ्रीज करता येतं. सुरुवात सॅम्पलवाल्या जड वाद्यांपासून करा: तारवाद्यांचा ताफा, पियानो, सिंथ.

सॅम्पलच्या वाद्यांबद्दल थोडंसं. पियानोचा सस्टेन पेडल दाबून ठेवला की जुने सूर मरत नाहीत, शंभर-दोनशे आवाज एकदम वाजत राहतात. वाद्याच्या सेटिंगमध्ये पॉलिफनी किंवा व्हॉइसेसची (एकदम किती आवाज वाजावेत ह्याची) मर्यादा असते, ती ६४ वर आणून बघा. बहुतेकदा कानाला फरक कळत नाही.

एक विचित्र दोष जुन्या फुकट प्लगइनमध्ये भेटतो. गाणं संपून शांतता झाली की मीटर उलट वर चढतो! विरत जाणाऱ्या रिव्हर्बचे आकडे शून्याच्या इतके जवळ पोचतात की तेवढ्या बारीक आकड्यांचं गणित प्रोसेसरला फार जड जातं. आजचे प्लगइन असे आकडे सरळ शून्य धरतात. तुमचा धरत नसेल तर त्याला निरोप द्या.

पायरी ६: लाल बटणं

हे सोपं आहे आणि फारसं कोणी सांगत नाही. रीपर आणि क्यूबेस साधे ट्रॅक थोडे पुढचे हिशेब करून ठेवत वाजवतात, त्यामुळे घाई होत नाही. पण ट्रॅकवरचं रेकॉर्डचं लाल बटण आणि मॉनिटर चालू असेल तर त्या ट्रॅकवर कधीही लाइव्ह आवाज येऊ शकतो, म्हणून तो त्याच क्षणी हिशेबाला घ्यावा लागतो. काल वाजवलेल्या सहा ट्रॅकची बटणं तशीच चालू राहिली की विनाकारण सहा ट्रॅक घाईच्या रांगेत. ज्याचं रेकॉर्डिंग चालू आहे तेवढंच बटण चालू ठेवा. लॉजिकमध्ये निवडलेला वाद्याचा ट्रॅक असाच लाइव्ह धरला जातो. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडून ठेवला की भार उतरतो.

पायरी ७: आड येणारे पाहुणे

बफर मोठा, प्लगइन मोजके, लॅपटॉप थंड, आणि तरीही दर काही सेकंदांनी एक टिचकी? मग वाढप्याला वाटेत कोणीतरी अडवतंय. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. ते दहा मिनिटं चालू ठेवलं की कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला धरून बसतो त्याचं नाव दाखवतं. बहुतेकदा वायफाय निघतो, कधी ग्राफिक्स कार्ड, कधी बॅटरीवर लक्ष ठेवणारा ड्रायव्हर. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करून पुन्हा दहा मिनिटं मोजा. आकडे खाली आले तर रेकॉर्डिंगपुरतं विमान मोड, विषय संपला. नाव दुसऱ्याच ड्रायव्हरचं निघालं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याची नवी आवृत्ती टाका.

रेकॉर्डिंगचा फोल्डर वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या जागी ठेवू नका, नाहीतर टेक चालू असतानाच तो वर चढवायला सुरुवात होते. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये हा फोल्डर आणि सॅम्पलचा फोल्डर वगळून टाका. ब्राउझर बंद. तो एक टॅबसुद्धा.

सॅम्पल रेटबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ९६,००० ला प्रोसेसरचं काम ४८,००० च्या जवळपास दुप्पट होतं. अभंग, भावगीत, पॉडकास्ट ह्यांना ४४,१०० किंवा ४८,००० पुरतं. फक्त प्रोजेक्ट सुरू करतानाच ठरवा, मधेच बदलू नका.

आणि खर्च करायचाच असेल तर आधी फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, मग रॅम ८ वरून १६ जीबी. ह्या दोन्ही गोष्टींनी सॅम्पल पटकन येतात आणि डिस्कचा लाल दिवा विझतो, प्रोसेसरचं गणित मात्र तेवढंच राहतं. एकाच ट्रॅकवर एकच प्लगइन आणि बफर १०२४ असूनही मीटर लालच असेल, तर मात्र दुकानाची पायरी चढा.

माणसं बसलेली असताना

वरची चौकशी निवांत वेळेची. गायक उभा आहे, काकांनी पखवाजाला कणीक लावलेली आहे आणि तडतड सुरू झाली, तर मी काय करते तेवढं सांगते. चार्जर लागलाय का बघते. बफर एक पायरी वर नेते. मास्टरवरचं सगळं काढते. आधीचे सगळे ट्रॅक एका स्टिरिओ फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये सुरुवातीपासून टाकते आणि गाणं त्यावरच घेते. नव्या प्रोजेक्टमध्ये दोनच ट्रॅक, एक वाजणारा आणि एक गायकाचा. आठ-दहा वर्षांचा लॅपटॉपही एवढं निमूट करतो. रात्री तो गायकाचा ट्रॅक उचलून मूळ प्रोजेक्टमध्ये अगदी सुरुवातीला, शून्यावर, नेऊन चिकटवते. दोन्ही प्रोजेक्टचा सॅम्पल रेट एकच हवा, तो आधी बघून घ्या. ह्या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागतात. कणीक वाळत नाही तेवढ्यात.